कार्डाची मागची बाजू

मोनाली गजभियेचं पत्र आलं तेव्हा मनोहरराव देशकरांनी ते आधी उभ्याउभ्या वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचावं असं त्यात खरं तर काही नव्हतं. शाळेतल्या बाईंचं असतं तसं नेटकं, एका रेषेत चालणारं अक्षर. वर खापरखेड्याचा पत्ता, खाली सही आणि मध्ये एवढंच : "काका, माझ्याबद्दलचं ते तुम्हीच लिहिलंत का? हो की नाही, तेवढं कळवा. फोन करू नका. तुम्हाला फोनवर बोलता येत नाही, आणि मलाही आता बोलवणार नाही."

तेव्हा खोलीतल्या कूलरला नुकतीच खसाची नवी ताटी लावली होती. आता कूलर जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात गेला होता, लोकांनी स्वेटर बाहेर काढले होते, आणि उत्तर गेलेलं नव्हतं.

एका शब्दाचं उत्तर. ज्या माणसानं उभा जन्म सरकारी कचेरीत आलेल्या पत्रांना उत्तरं लिहिण्यात घालवला, त्याला एक शब्द लिहिता येऊ नये याची मनोहररावांना लाज वाटे. पण 'नाही' लिहावं तर ते धडधडीत खोटं होतं, आणि 'हो' लिहावं तर ती जे समजेल तेही खरं नव्हतं. शिवाय त्यांना आपल्या कुठल्याच वाक्याचा भरवसा कधी वाटला नव्हता. लिहिलेलं वाक्य पाहिलं की ते दुसऱ्या कुणीतरी जास्त चांगलं लिहिलं असतं, असंच त्यांच्या मनात येई.

'अनुबंध' हे वधू-वर सूचक केंद्र मुळात त्यांचं नव्हतंच. ते त्यांच्या बायकोचं, ताराबाईंचं. ताराबाईंना माणसं लागत. दारातून आलेल्या अनोळख्याच्या हातात पाण्याचा पेला द्यायच्या आत त्याच्या आजोळचं गाव काढून घेतील अशी बाई. मनोहरराव आतल्या टेबलाशी पुस्तकात तोंड खुपसून बसत आणि बाहेरचं बोलणं संपलं की कार्ड लिहीत. पुढच्या बाजूला शाईनं नाव, जन्म, शिक्षण, उंची, अपेक्षा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, विश्वासानं सांगितलेलं. कुणाचे वडील पितात. कुणाचं एकदा ठरून मोडलेलं. कुणाला एका कानानं कमी ऐकू येतं.

"पुढची बाजू लोकांची, मागची आपली," असं ताराबाई म्हणत. मागची बाजू कुणाला दाखवायची नाही. ती वाचून आपण फक्त एवढंच पाहायचं, की चुकीच्या दारात कुणाला पाठवलं जाऊ नये. आणि लग्न ठरलं की मागचं सगळं खोडरबरानं पुसून कार्ड त्या घरी परत द्यायचं. गांधीबागेतल्या कापडवाल्यांपासून कचेरीतल्या शिपायांपर्यंत सगळ्या जातीधर्मांची माणसं नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या एका खोलीत येत, ती या पुसण्याच्या भरवशावर.

ताराबाई गेल्या. केंद्र बंद करावं असं मनोहररावांना वाटलं, पण बंद केलं हे लोकांना सांगायचं धैर्य होईना, म्हणून ते सुरूच राहिलं. बोलायला त्यांनी गोपिकाला ठेवली. चाळिशीची बाई, खणखणीत आवाजाची. ती हसली की शेजारच्या दातांच्या दवाखान्यातला पेशंट दचके.

"सर, काहून इतके कार्ड लिहून राहिले?" गोपिकानं एकदा दुपारी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवत विचारलं. "हे पाहा, लग्न जुळवणाऱ्यांसाठीच बनवलं आहे. नाव टाका, स्थळं आपोआप जुळून येतात. अन् फुकट आहे, सर. एक रुपया नाई."

त्या सॉफ्टवेअरचं नाव दोन इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटवून केलेलं होतं.

"फुकट कसं असेल?" मनोहरराव पुटपुटले.

"असते नं! आपला पोहेवाला पोह्यावरची झणझणीत तर्री फुकट देते का नाई?"

"तो पोह्याचे पैसे घेतो, गोपिका."

"तुमी नं सर, पुस्तकं वाचून वाचून संशयी झाले. मॅडम असत्या तर कधीच घेतलं असतं त्यायनं."

ताराबाईंचं नाव निघालं की मनोहररावांचा वाद संपे. पडद्यावर नियमांचं एक लांबलचक इंग्रजी पान उघडलं. मनोहरराव हे पुस्तकाचं शुद्धिपत्रसुद्धा वाचणारे, भाजीची पुडी उलगडून तिचा कागद वाचणारे. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या परिच्छेदाशी आले तेव्हा जाणवलं, की गोपिका मागे हाताची घडी घालून उभी आहे.

"सर, ते कोणीच वाचत नाई."

एका बाईमाणसाला असं ताटकळत ठेवून आपण वाचत बसावं, याचा त्यांना संकोच वाटला. त्यांनी मान हलवली. गोपिकानं 'मान्य' दाबलं.

कार्डांच्या पुढच्या बाजू गोपिकानं भराभर भरल्या. मागच्या बाजू मात्र मनोहररावांनी तिला पाहू दिल्या नाहीत. तो ताराबाईंचा नियम होता. ती घरी गेली की ते स्वतः बसत आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत मागचं सगळं उतरवून काढत. प्रत्येकाच्या नावाखाली 'इतर माहिती' असा एक मोठा रिकामा चौकोन होता. रकाना रिकामा सोडायचा नाही हे त्यांच्या हाताला कचेरीनं शिकवलेलं होतं. रिकाम्या रकान्याचा कागद साहेबाकडून परत येई. त्यामुळे त्या चौकोनाकडे पाहून त्यांना एकच सुचलं : मागची बाजू इथे. उतरवून झालं की नेमानं ते कार्डाची मागची बाजू पुसत. आता ती दोन ठिकाणी कशाला हवी? पुसल्यावर कार्डावर फुंकर घालताना त्यांना चक्क समाधान वाटे. गोपिकाच्या डोळ्यांपासून त्यांनी सगळ्यांची गुपितं वाचवली होती.

मोनालीची मागची बाजू त्या चौकोनात उतरवताना त्यांना कार्ड पाहावंही लागलं नव्हतं, इतकी ती ताजी होती. ती एकटीच आली होती. वडील वीज केंद्रातून निवृत्त, घर वसाहतीतच, आणि ती तिथल्याच एका शाळेत शिकवायला. गोपिका चहा सांगायला बाहेर गेली तेव्हा ती खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाली, "काका, मले लहानपणी आकडी यायची. सातवीपासून नाही आली. गोळीही बंद झाली. मले कोणाले फसवायचं नाही. पण मीच सांगीन. ज्याले सांगायचं त्याले, माझ्या तोंडानं. तुम्ही नका सांगू."

"नाही सांगणार," मनोहरराव म्हणाले होते. आणि कार्डामागे लिहिलं होतं : लहानपणी आकडी. आता नाही. स्वतः सांगणार.

पहिले काही महिने सॉफ्टवेअरनं खरंच कमाल केली. जिथून कधी पत्र आलं नव्हतं अशा गावांहून फोन येऊ लागले. "पाहा सर, उगाच घाबरत होते तुमी," असं गोपिका म्हणे आणि मनोहरराव कबूल करत. मोनालीसाठी कामठीचा पियुष मिळाला तोही त्यातूनच. बँकेत नोकरीला, बोलायला मनोहररावांइतकाच लाजरा. दोघं एकदा फुटाळा तलावावर भेटून आले. परतल्यावर मोनालीनं गोपिकाला विचारलं होतं, "ताई, माणूस भुट्टा खाताना अर्धा आपल्याले देत असेल तर चांगला असतो नं?" आणि दोघी खूप हसल्या होत्या.

दुसरी बैठक घरच्यांसह, केंद्रातच, एका रविवारी ठरली. मोनाली आईबरोबर लवकर आली. आई बायजाबाई नवी नऊवारी आवरत दाराशीच बसली. मोनालीनं मनोहररावांजवळून जाताना हळूच सांगितलं, "आज सांगते, काका. आधी त्याले, मग त्याच्या आईले." तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण परीक्षेची तयारी झालेल्या मुलीला असते तशी.

पियुषची आई अंजनाबाई आली ती हातात मोबाइल धरूनच. बसली नाही.

"भाऊ, हे तुमच्याकडूनच आलं नं? खाली तुमचंच नाव आहे."

"काय आहे?" मनोहररावांनी विचारलं.

अंजनाबाईनं मोबाइल दूर धरून वाचून दाखवलं. एकेक शब्द, शाळेतल्या वाचनासारखा. "मोनाली ही मनमिळाऊ आणि कष्टाळू शिक्षिका आहे! तिला लहानपणी आकडी येत असे, पण आता येत नाही. हे ती तुम्हाला स्वतः सांगणार आहे! आजच संपर्क साधा. अनुबंध, रामदासपेठ, नागपूर."

खोलीत पोह्यांच्या बशा भरून ठेवल्या होत्या. पियुष एका बशीकडे पाहत राहिला.

"मी आज सांगणारच होती," मोनाली म्हणाली.

"आता तर तसंच म्हणशील वं बाई," अंजनाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आजार कोणाले होत नाई? त्याचं मले काई नाई. पण आमच्या पोराले भेटली, फिरली, अन् बोलली नाई. हे मले माह्या भासऱ्यानं, पियुषच्या मोठ्या काकानं दाखवलं. त्याले अमरावतीहून कोणी पाठवलं. सगळ्यायले माहीत, फक्त आमालेच नाई."

मोनालीनं मनोहररावांकडे पाहिलं. एकच वाक्य हवं होतं : हिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की मी लपवणार नाही. त्या खोलीत ते सांगू शकणारा तो एकच माणूस होता. वाक्य तयार होतं, जिभेपर्यंत आलं होतं. पण भरल्या खोलीत सगळे आपल्याकडे पाहताहेत हे कळलं की मनोहररावांचे शब्द अडत. लहानपणापासून तसंच होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि चष्मा काढून पुसला. तो पुसून होईपर्यंत मोनाली उठली होती. "चल आई," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर ते पत्र आलं.

मनोहरराव उत्तर देत नव्हते, पण स्वस्थही बसले नव्हते. तो मजकूर जिथे कुठे असेल तिथून आधी काढून घ्यायचा आणि मग मोनालीला लिहायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. गोपिकानं कंपनीशी बोलायचा प्रयत्न केला. पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली. "नमस्कार! मी रिया. तुम्हाला कशी मदत करू?"

गोपिकानं सगळं लिहिलं. रियानं उत्तर दिलं, "तुमची अडचण समजली! तुमचे जोड्या जुळवण्याचे प्रमाण वाढवण्यासाठी हे पाच उपाय पाहा."

"मेली आहे का बाई ही?" गोपिका ओरडली.

"ती बाई नाही, गोपिका," मनोहरराव म्हणाले.

माणसाशी बोलायचं तर पैसे भरून वरची योजना घ्यावी लागत होती. मनोहररावांनी पेन्शनमधून भरले. मग एका मुलाचा फोन आला. अदबीचा, थकलेला आवाज. "सर, फ्री प्लान में प्रोफाइल पार्टनर्स के साथ शेअर होती है. समरी ऑटोमॅटिक बनती है. आपने ॲक्सेप्ट किया था. हम अपनी साइड से डिलीट कर देंगे, लेकिन जो पार्टनर्स के पास गया, वो उनका है."

"कौन हैं वो लोग?" मनोहररावांनी विचारलं. आयुष्यात प्रथमच फोनवर त्यांचा आवाज चढला होता.

"सर, वो लिस्ट हम नहीं दे सकते."

"फिर भी, मिटा दीजिए. सब का."

सकाळी केंद्र उघडलं तेव्हा खातं रिकामं होतं. मुलानं सांगितलेलं काम चोख केलं होतं. मनोहररावांनी एकदम उठून कार्डांचा लाकडी खण ओढला. एक कार्ड उलटलं. दुसरं उलटलं. मागच्या सगळ्या बाजू स्वच्छ होत्या. त्यांनीच पुसल्या होत्या.

"काय झालं, सर?" गोपिकानं विचारलं.

"आपल्याला सगळ्यांना सांगायला हवं, की तुमचं अमुक बाहेर गेलं आहे, सांभाळा. पण कुणाचं काय होतं, ते आता माझ्याकडे नाही. जगाकडे आहे. माझ्याकडे नाही."

"थोडं तरी आठवत असन नं?"

आठवत होतं, आणि त्याचाच त्यांना धाक होता. एका कानानं कमी ऐकू येणारी मुलगी कोणती? ती, की तिची बहीण? चुकीच्या घरी जाऊन चुकीचं गुपित सांगितलं, तर जे सॉफ्टवेअरनंही केलं नव्हतं ते आपण करून बसू. त्यांनी खण लोटून दिला. त्या दिवसापासून फोन वाजला की ते आधी त्या खणाकडे पाहत. आता हे कुणाचं? कधी कुणाच्या वडिलांचा फोन असे, कधी नुसताच कुणीतरी शिव्या देऊन ठेवून देई. काही आठवड्यांनी तेही थांबलं. लोकांनी यायचंच सोडलं.

मग त्यांनी ते नियमांचं पान शब्दकोश घेऊन शेवटपर्यंत वाचलं. सगळं तिथे होतं. काही लपवलेलं नव्हतं. त्या साधनाची किंमत काय, तेही सरळ लिहिलं होतं : तुम्ही जे जे भराल ते. फक्त ते ज्यांचं होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"मंग तसंच लिहा नं मोनालीले," गोपिका म्हणाली. "कंपनीनं केलं म्हणून. नाई तर माझं नाव टाका. गोपिकानं बटण दाबलं. माझी पाठ मजबूत आहे, सर."

"मी मान हलवली म्हणून तू दाबलंस."

"मान तर तुमी सगळ्यालेच हलवता!" ती बोलून गेली, आणि मग पदरानं डोळे पुसत चहाच्या कपबशा विसळायला गेली.

मनोहररावांनी उत्तरं लिहिली. एक नाही, पुष्कळ. एकात नियमाचं कलम मराठीत उतरवून दिलं होतं. एकात सारांश कसा आपोआप बनतो ते समजावलं होतं. एकात स्वतःच्या मुखदुर्बळपणावर पानभर होतं, आणि तेच सर्वांत चांगलं लिहिलं गेलं होतं, म्हणून त्यांनी तेच आधी फाडलं. प्रत्येक पत्र वाचताना त्यांना कळे, की हे आपण मोनालीला लिहीत नाही. कुणातरी न्यायाधीशाला लिहितो आहोत.

मग एक दिवस बायजाबाई आली. कुठून कशी आली काही बोलली नाही. दारातच उभी राहिली.

"पोरीचा फोटू द्या," ती म्हणाली. "अन् ते कार्ड."

मनोहररावांनी दोन्ही काढून दिलं. बायजाबाईनं कार्ड उलटून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण मागं काही नाही हे दिसत होतं.

"इथं तं काईच नाई," ती म्हणाली.

"पुसलं," मनोहरराव म्हणाले.

"इथलं पुसलं." तिनं कार्ड पिशवीत टाकलं. "कॉलनीत सगळ्यायच्या मोबाइलमधे आहे. शाळेवाल्यायनं डॉक्टरचा दाखला मागतला. दिला तरी पोरांजवळ तिले एकटी ठेवत नाई, कोणी ना कोणी मागं बसवते. पोरगी म्हणते, आई, मी शिकवत असताना ते माह्या तोंडाकडे पाहत राह्यतात, मी पडते का म्हणून." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "सोडून दिली तिनं नोकरी."

गोपिकानं पाणी पुढे केलं. बायजाबाईनं घेतलं नाही.

"तुमच्या पत्राची लय वाट पाह्यली तिनं. पोस्टमन दिसला का गेटापाशी जाये. मले तं वाटलं, म्हातारा वारला का काय. मरता तं बरं होतं, भाऊ, तिले काई तरी समजलं असतं." हे ती शांतपणे म्हणाली, शिवी दिल्यासारखं नाही. "आता नाई पाहत वाट."

"ती... लग्नाचं..." मनोहररावांना पुढचं विचारता आलं नाही.

"आता कोणाले काई सांगाचंच उरलं नाई म्हणते. मंग बोलू कशाले? घरातबी बोलत नाई." बायजाबाईनं पिशवी खांद्याला लावली. "तुमच्याबद्दल एकदा बोलली. म्हणे, काका तसे नाईत. मी म्हटलं, असन बाप्पा."

ती गेल्यावर मनोहरराव टेबलाशी बसले. 'काका तसे नाईत.' म्हणजे इतके महिने ती पोर त्यांच्या उत्तराऐवजी स्वतःच त्यांची बाजू मांडत होती, आणि ते इथे वाक्यं दुरुस्त करत होते. त्यांच्या गप्प बसण्याला तिनं चांगला अर्थ दिला होता. तो अर्थ खरा नव्हता. पत्र पाठवलं तर तिच्याजवळ उरलेली तेवढी एक गोष्टही जाणार होती. न पाठवलं तर ती गोष्टही खोट्यावरच उभी राहणार होती. यातलं काय बरं, हे त्यांना कळलं नाही. कळलं असतं तर आपण मनोहर देशकर नसतो, असं त्यांच्या मनात आलं. पण तिनं बरं काय ते विचारलंच नव्हतं. हो की नाही, तेवढं विचारलं होतं.

त्यांनी कागद घेतला आणि या खेपेला खाडाखोड न करता लिहिलं :

"चि. मोनालीस,
हो. ते मीच लिहिलं. तू मला सांगितलेलं मी माझ्या हातानं दुसऱ्याला दिलं, आणि तो दुसरा कोण हे विचारलं नाही. त्या रविवारी तू मला आधीच सगळं सांगितलं होतंस हे मी तिथे बोलायला हवं होतं, तेही बोललो नाही. गेलेलं परत आणता येत नाही, मी पाहिलं. या पत्राला उत्तर देऊ नकोस.
मनोहर देशकर"

क्षमा माग, असं एक मन म्हणत होतं. पण क्षमा मागितली की ती द्यायची की नाही हे पुन्हा तिनंच ठरवायचं, म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही.

"मी टाकून येऊ, सर?" गोपिकानं विचारलं.

"नको."

पोस्टापर्यंतचा रस्ता तसा थोडका होता. दवाखान्यांपुढे पेशंटांच्या नातेवाइकांची गर्दी होती. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसले होते, कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मनोहरराव पेटीपुढे उभे राहिले. पाकिटावरचा पत्ता त्यांनी एकदा तपासला. मग त्यांनी पत्र फटीतून आत सरकवलं, बोटं सुटेपर्यंत.